शिंप्याचा गज, वळणावर

मी गज आहे. शिंप्याचा, लाकडी, तीन फुटांचा. हल्ली गज म्हटलं की लोकांना खिडकीची लोखंडी सळई आठवते, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. घाईत असाल तर पुढे जा, माझी हरकत नाही. घाईतली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण बसणार असाल तर सावकाश सांगतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक इंच जायची मला सवय, भरभर बोलायला जमत नाही.

एका सुताराने मला जुन्या पलंगाच्या फळीतून काढलं. इंचाच्या खुणा तापलेल्या खिळ्याने डागल्या आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. मग मला घेऊन तो शिंप्याकडे गेला. "मास्तर, हा गज घ्या आणि मला एक विजार शिवून द्या." विजार केव्हाच फाटली असेल. मी अजून आहे.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी यंत्र, भिंतीला लांब टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं गाठोडं. माणसाच्या अंगावर फीत चालायची आणि कापडावर मी. मास्तर मला कापडावर ठेवत, डाव्या हाताने दाबत आणि खडूची रेघ ओढत. त्यांच्या तळहाताची ऊब माझ्या मधल्या इंचांत मुरली आहे. तिथलं लाकूड आजही बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे.

मापं देताना माणसं फार गंमत करतात. पुरुष पोट आत घेतात आणि श्वास धरून उभे राहतात. मास्तर गुपचूप दोन बोटं सैल धरत. गिऱ्हाईक कपडे घालून आरशात बघायचं आणि म्हणायचं, "बघा, बारीक झालोय मी." मास्तर म्हणत, "झालात खरे."

लहान मुलांच्या आया मात्र एकच गोष्ट सांगून जात. "मास्तर, आत माया ठेवा हं. कार्टं नुसतं वाढतंय." माया म्हणजे शिवणीच्या आत मुडपून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की उसवून सोडायचं. मास्तर कधी कधी गिऱ्हाइकाने सांगितल्यापेक्षाही जास्त ठेवत. उद्यासाठी आजच जागा ठेवायची, हे मी त्या टेबलावर शिकलो. मला वाटायचं, सगळी मापं अशीच असतात. पुढे वाढणाऱ्यांची.

घरात मास्तर आणि त्यांची लेक, दोघंच. लेक लहान होती तेव्हा दर थोड्या दिवसांनी तिचा हट्ट असायचा, "बाबा, मला मोजा." मास्तर मला दाराच्या चौकटीला उभा धरत. ती पाठ लावून उभी राहायची आणि हळूच चवड्यांवर चढायची.

"टाचा खाली," मास्तर म्हणत.

"खालीच आहेत."

"मला दिसतंय गं. टाचा खाली."

मग ते तिच्या पावलावर आपलं पाऊल हलकेच टेकवत आणि चौकटीवर खडूची रेघ ओढत. "वाढली की गं दोन बोटं!" दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी खरोखर नवल वाटल्यासारखं. एक दिवस ती माझ्या वरच्या टोपीच्याही वर गेली. मी संपलो आणि ती उरली. मास्तर मला टेबलावर ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

शिकून ती दूरच्या गावी नोकरीला लागली. काम काय, तर रस्त्यावर गाड्यांखाली येणाऱ्या रानातल्या प्राण्यांची नोंद ठेवायची. कुठे मेलं, कोण मेलं, नर की मादी, रस्त्याच्या कडेला झाडी होती की शेत, पाणी किती जवळ. मास्तरांना हे पटेना.

"मेलेली जनावरं मोजायची? याला नोकरी म्हणतात?"

"कुठे जास्त मरतात ते कळलं, तर तिथे काहीतरी करता येतं, बाबा. तुम्ही माप न घेता कधी कापडाला कात्री लावली आहे का?"

मास्तरांनी दातांतली सुई काढून कापडात खोचली. मग म्हणाले, "खाऊन पिऊन जात जा कामाला."

त्या कामात मेलेल्या प्राण्याशेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा लागतो. नुसत्या फोटोत उंदीर केवढा आणि ससा केवढा ते कळत नाही. तिला मिळालेली प्लॅस्टिकची पट्टी ट्रकच्या वाऱ्याने उडायची. दोनदा तिने ती नाल्यातून शोधून आणली, तिसऱ्यांदा तिच्यावरून टँकर गेला. सुट्टीला घरी आली तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. मी जड. मी उडत नाही.

"नेऊ का, बाबा?"

"ने की." मास्तर मला पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते. "परत आणशील ना?"

"काम संपलं की आणते."

"मला काय, फितीवर भागेल माझं. पण हा असला की टेबल भरल्यासारखं वाटतं."

मी निघालो. खिडकी, यंत्र, चौकटीवरच्या खडूच्या रेघा, सगळं मागे राहिलं. काम संपलं की परत, एवढं एकच वाक्य मी बरोबर घेतलं.

*

तिला तिकडे सगळे ताई म्हणत. ताई, जीप आणि जीपचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला ती मामा म्हणायची. मामा जाड मिशांचे, बोलके. रोज उजाडताना ते नेमून दिलेल्या रस्त्यावर खाणीच्या बाजूने सुरुवात करत आणि जंगलाच्या बाजूला येऊन थांबत. जीप माणसाच्या चालीने चालायची. ताई दार उघडं ठेवून रस्त्याकडे बघत बसायची. काही दिसलं की म्हणायची, "मामा." एवढंच. मामा गाडी कडेला घेत.

पहिला ससा होता. मला वाटलं, झोपला आहे. पलंगाच्या लाकडाचा मी, झोप मला ओळखता येते, असा माझा समज. ताईने मला त्याच्या शेजारी ठेवलं. त्याचा कान माझ्या आठव्या इंचाला टेकला. थंड होता. मी वाट बघत राहिलो. माप घेतलं की कुणीतरी काहीतरी म्हणतं, दोन बोटं वाढला म्हणतं, माया ठेवा म्हणतं. ताई काहीच म्हणाली नाही. फोटो काढला, मोबाइलमध्ये जागा नोंदली, रस्त्याच्या कडेला खडूने फुली मारली, म्हणजे तोच प्राणी पुन्हा मोजला जाऊ नये. मग दोन्ही हातांनी ससा उचलून गवतात ठेवला.

पुढे साळिंदर आलं, घुबड आलं, साप तर किती. बेडूक इतके चपटे की ताई गुडघ्यांवर बसून ओळखायची. एकदा हरणाचं पाडस होतं. त्याच्या पायाशी मी पडलो होतो आणि मला चौकट आठवली. या पायाला आता कुणी टाचा खाली म्हणणार नव्हतं.

लोक थांबत. विचारत, "काय हरवलं?" मामा सांगत, "अंगठी." मग ते लोकही शोधायला लागत. मामांना कुणी माझ्याबद्दल विचारलं तर ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "ताई शिंपी आहेत. माप घेतात."

"मेलेल्याचं?"

"जिवंत थांबतंय कुठे तुमच्या गाड्यांपुढे?"

लोक हसत आणि निघून जात. पुढे शंभर पावलं हळू चालवत, मग पुन्हा सुसाट.

मला त्यांचा राग येत नसे. राग लाकडाला परवडत नाही, तडा जातो. मला फक्त एक इच्छा होती. एकदा तरी एखादं जनावर चालत यावं, त्याचा श्वास चालू असावा आणि मी त्याच्या शेजारी असावं. एकदाच. मग मला खुशाल परत न्यावं.

*

जंगलाच्या टोकाला रस्ता मोठं वळण घेतो. वळणाच्या एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला खाली ओढा. वळणावर पंक्चरचं एक दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, हवेचा पंप, ट्यूब बुडवून बघायला पाण्याचं घमेलं, आणि मागे मोकळ्या जागेत पडलेले जुने टायर. दुकान एक मावशी चालवतात. नवरा होता तेव्हा तो टायर खोलायचा आणि त्या ट्यूब तपासायच्या. आता दोन्ही त्याच करतात.

आमची फेरी तिथे संपायची, मग चहा व्हायचा. मामा आणि मावशींचं रोजचं भांडण ठरलेलं.

"काय मामा, टायर टक्कल पडल्यासारखे झालेत. बदला की."

"तुमचं दुकान चालावं म्हणून ठेवलेत, मावशी. तुमचीच काळजी."

"माझी काळजी करणारा एक होता, तोही चहात साखर जास्त घालून गेला."

मावशी एका कोल्हिणीबद्दल बोलत. तिला त्या लंगडी म्हणत. कधीतरी गाडीचा धक्का लागून तिचा मागचा डावा पाय वाकडा जुळला होता. रोज दिवेलागणीला ती झाडीतून निघून रस्ता ओलांडायची आणि ओढ्यावर जायची.

"ओलांडते म्हणजे काय, मधेच उभी राहते बाई," मावशी सांगत. "गाडी येतेय, आणि ही वळून माझ्याकडे बघते. जणू मी सांगणारेय, जा आता. माझा जीव इथे." त्या गळ्याला हात लावत. "औंदा पोटुशी दिसतेय."

ताई ऐकायची. तिलाही लंगडी बघायची होती. पण आम्ही सकाळचे आणि लंगडी संध्याकाळची.

कितीतरी महिने असे गेले. मग रस्त्याच्या खात्यातले साहेब एक दिवस जीपपाशी आले. त्यांनी सांगितलं, रस्त्याखालून प्राण्यांसाठी बोगदा करायचं मंजूर झालं आहे. दोन्ही बाजूंना जाळी लावायची, म्हणजे जनावर आपोआप बोगद्याकडे वळेल. पण बोगदा एकच. कुठे करायचा, ते ताईंच्या नोंदीवरून ठरेल.

"तुमच्या नोंदीत खाणीजवळ सगळ्यात जास्त आहेत," साहेब म्हणाले. "वळण तर अगदी साफ दिसतंय."

"हो," ताई म्हणाली. तिला वळणाबद्दल बरंच वाटलं होतं. झाडी आणि पाणी समोरासमोर, मधे रस्ता, आणि तरी तिथे कुणी मरत नाही. चमत्कारच. अशी चांगली बातमी कुणाला सांगावीशी वाटणार नाही?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने ती सांगितली. मी जीपच्या उघड्या दारातून ऐकत होतो.

"मावशी, तुमचं वळण भाग्याचं आहे. इतके महिने झाले, इथे एकही मेलेलं सापडलं नाही."

मावशी ट्यूब घमेल्यात बुडवत होत्या. कौतुकाने त्यांचा चेहरा फुलला. "सापडेल कसं? मी ठेवतच नाही."

"ठेवत नाही म्हणजे?"

"म्हणजे उचलते ना मी. उजाडायच्या आत. तुम्ही येता तेव्हा रस्ता झाडून पुसून तयार." त्या हसल्या. "एकदा मेलं ते मेलं, ताई. शंभर गाड्या अंगावर घेऊन शंभरदा कशाला मरायचं त्याने?"

ताईच्या हातातला कप तसाच राहिला. मामांनी मिशीवरून फिरणारा हात थांबवला.

"कुठे ठेवता त्यांना?"

मावशींनी हनुवटीने दुकानामागे खूण केली.

ताई मला हातात घेऊनच मागे गेली. सवयीने. मागची ती मोकळी जागा मी रोज पाहिली होती. भंगार समजून सोडून दिली होती. आता नीट पाहिलं. टायर पडलेले नव्हते, मांडलेले होते. प्रत्येक टायर आडवा, आणि आतल्या गोलात माती वर आलेली, गवत उगवलेलं. काही सायकलचे होते. काही स्कूटरचे. झाडाखाली ट्रकचे होते.

"कुत्री उकरतात हो," मागून मावशी म्हणाल्या. "म्हणून वर टायर. जसं जनावर तसा टायर. सशाला सायकलचा पुरतो. हरणाला मात्र ट्रकचाच लागतो." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "काही चुकलं का माझं?"

 ताई एका सायकलच्या टायरपाशी बसली. मला तिने त्याच्या शेजारी ठेवलं. फोटो काढला नाही. नुसतं ठेवलं.

मग हळूहळू तिने सांगितलं. बोगदा एकच आहे. तो खाणीजवळ जाणार आहे. वळण साफ आहे म्हणून.

मावशींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आधी टायरांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"आणि लंगडी?"

ताईने मला उचललं आणि माझ्यावरची माती पुसली.

*

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी येऊन टायर पाहिले, टोपीही काढली. म्हणाले, "माझा विश्वास आहे, ताई. पण वर पाठवायला टायर चालणार नाहीत. कोण, कधी, रस्त्यावर कुठे, हे लागतं. उकरून बघता येईल का?"

"उकरायचं नाही," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. जागा ठरवायची बैठक थंडी संपल्यावर होती. तोवर काय दाखवता येईल ते दाखवा, असं सांगून ते गेले.

उपाय एकच होता आणि तो ताईच्या तोंडून निघत नव्हता. शेवटी तिने तो चहा संपल्यावर, जाता जाता सांगितला. "मावशी, आम्ही येईपर्यंत उचलू नका. तसंच राहू द्या."

"म्हणजे मी इथे बसून बघू? गाड्या वरून जाऊ देऊ?"

"तेवढे काही दिवस."

"तू शिकलीस ना गं? हे शिकवलं तुला?"

ताई जीपमध्ये येऊन बसली. मामांनी गाडी सुरू केली नाही. तिने मला मांडीवर घेतलं आणि मधल्या गुळगुळीत इंचांवर अंगठा फिरवत राहिली. मास्तर फिरवत तसा.

त्या दिवशी तिने घरी फोन लावला. मास्तरांचा आवाज मी खूप दिवसांनी ऐकला. बारीक झाला होता. ताईने सगळं सांगितलं. मास्तर ऐकत राहिले आणि मग त्यांनी भलतंच विचारलं.

"हा बोगदा रुंद किती असतो?"

"अजून काही ठरलं नाही, बाबा. झाला तर हरणाला वाकावं लागणार नाही इतका."

"मग माया ठेवायला सांग त्यांना. पोटुशी जनावरं जातील. पिल्लं बरोबर असतील. अगदी मापात नको." थोडं खोकून म्हणाले, "आणि गज बरा आहे ना?"

"बरा आहे. काम संपलं की आणते."

"आण. सावकाश आण."

चार दिवस मावशी आमच्याशी बोलल्या नाहीत. चहा द्यायच्या, पण साखर विचारायच्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "माझी एक अट आहे. आधी इथे यायचं. सगळ्यात आधी. खाणीकडे मग जा."

मामा म्हणाले, "उद्यापासून गाडी उलटी. फक्त माझ्या बायकोला तुम्ही सांगा, इतक्या पहाटे मी कुठे जातो ते."

*

ती थंडी मी विसरणार नाही. आम्ही पोचायचो तेव्हा आभाळ नुकतं करडं होत असायचं. मावशी रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसलेल्या असायच्या. हातात लाल फडकं. शेजारी रस्त्यावर काहीतरी पडलेलं. उचलायचं नाही असा शब्द दिला होता. राखायचं नाही असा दिला नव्हता. गाडी आली की त्या उठून फडकं हलवत आणि गाडीला बाजूने काढत. ड्रायव्हर शिव्या देत. त्या उलट देत, आणि त्यांच्या शिव्या जास्त चांगल्या होत्या.

आम्ही दिसलो की त्या उठून पाठ फिरवत. मी माझं काम करायचो. शेजारी पडायचो. ससा, रानमांजर, पुन्हा ससा, साळिंदर. फोटो झाला की ताई म्हणायची, "झालं, मावशी." मग मावशी वळत, उचलत, आणि मामा मागून टायर घेऊन जात. मामा त्या वेळी विनोद करत नसत.

रोज वळण यायच्या आधी मामा गाडी आणखी हळू करत. मला माहीत होतं का ते. आज कोण असेल.

अशाच एका सकाळी मावशी उभ्या होत्या, बसलेल्या नव्हत्या. पाठ आधीच फिरवलेली. रस्त्यावर तांबूस काहीतरी पडलं होतं, शेपटीचा झुपका वाऱ्याने हलत होता. कोल्हीण.

"मी पाहिलं नाही," मावशी म्हणाल्या. "फडकं हलवलं, पण खाली पाहिलं नाही. तू बघ. मागचा डावा."

ताई गुडघ्यांवर बसली. मला ठेवायला गेली तर मी वाकडा पडलो. तिने मला सरळ केलं. मग मागचा डावा पाय हळूच ओढून माझ्यावर ठेवला. पाय लांब होता. सरळ होता. कुठे गाठ नव्हती.

"ती नाही, मावशी. पाय धड आहे. ही लंगडी नाही."

मावशी वळल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. मला वाटलं, हसतील. त्या रडायला लागल्या.

"कुणाची तरी असेलच ना गं ही पण," त्या म्हणाल्या.

ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी कोल्हिणीजवळच होतो. तिच्या पोटाखाली दूध होतं. फोटोत ते दिसतं. वर पाठवलेल्या फोटोंत तो होता, असं नंतर साहेब म्हणाले.

थंडी सरता सरता ताईला फोन आला. तो साहेबांचा नव्हता. ती जीपमधून उतरली आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. मामांनी तिची पिशवी गाडीत ठेवली, तिला स्टेशनवर सोडलं. घाईत मी मागच्या सीटखाली राहिलो.

मास्तर गेले होते.

ती परत आली तेव्हा तिच्याकडे त्यांची कात्री होती आणि खडूचा अर्धा तुकडा. मला पाहून म्हणाली, "राहिलंच." त्या एका शब्दात काय काय होतं ते मला मोजता आलं नाही. टेबल कुणी नेलं असेल? चौकटीवर रंग दिला असेल का? मी विचारू शकलो नाही आणि ती सांगणारी नव्हती. मला वाटत आलं होतं, एक दिवस मी त्या टेबलावर आडवा पडेन आणि ते तळहात टेकवतील. ते वाटणं अजून जात नाही. वाटणाऱ्याला कुठे कळतं, पलीकडे कुणी नाही म्हणून.

*

बोगदा वळणावर झाला. साहेब स्वतः सांगायला आले. मावशींनी त्यांच्या गाडीत फुकट हवा भरून दिली. रुंदी ठरवायच्या बैठकीत ताईने आपला हट्ट सोडला नाही, आणि बोगदा कागदावर होता त्यापेक्षा थोडा जास्तच रुंद झाला. का, ते तिला आणि मला माहीत आहे.

आत कॅमेरा बसवला. कोण जातं ते आपोआप टिपणारा. पण फोटोत जनावर केवढं ते कळायला शेजारी माप हवंच. ताईने मला भिंतीशी उभा धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"घरी नेत नाही का?" मावशींनी विचारलं.

"तिकडे कुणाला मोजू?" ताई म्हणाली आणि स्क्रू मागितले.

"गजाला पक्की नोकरी लागली," मामा म्हणाले. "आता पेन्शनीत निघेल."

ते तिघं वर गेले. मी खाली राहिलो. डोक्यावरून चाकं जात आणि मी थरथरत राही. खूप दिवस कुणी आलं नाही. माणसांचा, सिमेंटचा वास होता आत. मग बेडूक आले. मग एक साळिंदर, काटे वाजवत. माझ्याकडे न बघता गेलं, पण गेलं चालत. मी त्याच्या पावलांचा आवाज लांबपर्यंत ऐकला.

आणि एका दिवेलागणीला वेगळी चाल ऐकू आली. तीन पावलं टेकत होती, चौथं ओढलं जात होतं. ती आत आली, मधे उभी राहिली, मागे वळून पाहिलं. मावशी म्हणत होत्या तशीच. तिच्या मागून यंदाचं एक पिल्लू आलं.

ते थेट माझ्याकडे आलं. त्याने माझी खालची पितळी टोपी हुंगली. त्याच्या श्वासाने पितळेवर धुकं आलं. ऊब. मास्तरांच्या हातानंतर पहिल्यांदा. पिल्लाचा खांदा माझ्या सातव्या इंचाला लागत होता. मग आईने हाक दिली आणि ते पळालं.

तेव्हापासून ती दोघं येतात. रोज नाही. मी वाट बघतो, ते मला चांगलं येतं. परवा पिल्लू पुन्हा माझ्यापाशी थांबलं. आता खांदा नवव्या इंचाला. वरची टोपी हुंगायला म्हणून भिंतीला पुढचे पाय लावून उभं राहिलं, मागच्या चवड्यांवर चढून.

मला वाटलं, हे बघायला मास्तर हवे होते.

वाढलं की हो, मास्तर. दोन बोटं.

तुम्ही आता वर जाल, गाडी सुरू कराल. वळण लांबचं आहे, वेग जरा कमी ठेवा. जाळीतून अजूनही एखादं निसटतं, मावशींचं लाल फडकं खिळ्याला टांगलेलं असतं. मी इथे आहे, अंधारात उभा. सगळं माप माझ्यापाशी आहे. फक्त त्या पिल्लाच्या भाषेत बोलता आलं असतं, तर त्याला एवढंच सांगितलं असतं.

टाचा खाली, बाळा. टाचा खाली.